रॅप ड्रेस पहिल्यांदाच घेताय? मग आधी वीत मोजा

रॅप ड्रेस म्हणजे समोरचे दोन भाग पदरासारखे एकावर एक घेऊन कमरेला नाडीने बांधायचा ड्रेस. माझा पहिला रेयॉनचा होता, गडद हिरवा, त्यावर बारीक पांढरी फुलं, रस्त्यावरच्या स्टॉलवरून ४५० रुपयांना घेतलेला, आणि घरी आरशासमोर उभं राहून बघितला तेव्हा इतका भारी दिसला की दुसऱ्याच दिवशी ऑफिसला घालून निघाले. डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभी, एका हातात डबा, दुसऱ्या हातात फोन, खांद्यावर बॅग, आणि समोरून एक न थांबणारी मेल गेली धडधडत. पुढचं काय सांगू. वरचा पदर उडाला तो थेट बॅगेच्या पट्ट्यावर जाऊन बसला. हात दोनच, तेही भरलेले. शेजारच्या एका काकूंनी काही न बोलता आपल्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, खाली वाकल्या, आतल्या बाजूने लावून दिली आणि मग म्हणाल्या, "साडी नेसतेस ना गं? मग पदर असा मोकळा सोडून कशी काय निघालीस?"

रॅप ड्रेसचं सगळं गणित त्या एका प्रश्नात आहे. हा ड्रेस अर्धाच शिवून येतो, उरलेला अर्धा आपण रोज सकाळी अंगावर नेसतो. हो, नेसतो हाच शब्द बरोबर आहे. समोरचे दोन भाग एकावर एक किती चढतात, ते कुठे धरायचे आणि पिन कुठे लावायची, एवढं जमलं की झालं, बाकी रंग प्रिंट दागिने वगैरे नंतरची गोष्ट. मी खाली या दोन भागांना पदरच म्हणणार आहे, आतला पदर आणि वरचा पदर, म्हणजे घोळ नको.

आणि हे काही फॉरेनचं नवीन प्रकरण नाहीये. मी पहिल्यांदा घालून दाखवला तेव्हा आई म्हणाली, "अगं, हे तर बाळाचं झबलं!" आणि खरंच की, तान्ह्या बाळाचं बंदाचं झबलं तसंच असतं, डोक्यातून घालायला नको, एकावर एक घ्यायचं आणि बाजूला बांधायचं. आपली बाराबंदी तीच, बारा बंद म्हणून बाराबंदी, सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज धरणारे मानकरी आजही पांढरी शुभ्र बाराबंदी घालतात. तिकडे अमेरिकेत क्लेअर मॅककार्डेल नावाच्या डिझायनरने १९४२ मध्ये घरकाम करताना घालायचा असाच गुंडाळायचा डेनिमचा ड्रेस काढला, त्याच्यासोबत गरम भांडं धरायचा हातमोजाही मिळायचा म्हणे, मला ही कल्पना फारच आवडली. मग १९७४ मध्ये न्यूयॉर्कला डायान फॉन फर्स्टेनबर्गने जर्सी कापडाचा रॅप ड्रेस आणला आणि तो नोकरी करणाऱ्या बायकांनी इतका उचलून धरला की १९७६ मध्ये न्यूजवीक साप्ताहिकाच्या कव्हरवर डायान होती. ना चेन ना बटणं, सकाळी दोन मिनिटांत तयार. आता आपल्याकडे ८:१४ ची लोकल पकडायची असते तेव्हा ह्या दोन मिनिटांची किंमत वेगळी सांगायला नको.

पायरी १ : खरा की खोटा?

दुकानात रॅप ड्रेस म्हणून जे लटकवलेलं असतं त्यातले निम्मे खोटे असतात. खोटा म्हणजे समोर एकावर एक आलेलं दिसतं पण आतून शिवून टाकलेलं असतं, ड्रेस डोक्यातूनच घालायचा, कमरेची नाडी नुसती शोभेची. खऱ्यात सगळं उघडतं, हाऊसकोटसारखं.

खोटा वाईट असं नाही. वारा आला तरी खालून उडत नाही, गर्दीत कोणाच्या बॅगेत नाडी अडकली तरी अब्रू शाबूत. पण तो तुमच्या मापाचा असेल तरच असेल, नसेल तर इलाज नाही, गळा सैल पडला की सैलच. खरा मात्र गणपतीच्या आधी वेगळा बांधता येतो आणि दहा दिवस मोदक खाल्ल्यावर वेगळा. बाळंतपणाच्या आधी, नंतर, अंगावर पाजताना, वजन दोन किलो इकडे की तिकडे, तोच ड्रेस चालतो. म्हणून माझं मत विचाराल तर पहिला घ्यायचा तो खराच घ्या. शिकायला थोडा त्रास होतो पण मग कळतं की काय गंमत आहे.

पायरी २ : कापड, आणि इथे घाई करू नका

बहुतेक जणी प्रिंट बघून भाळतात (मी पण) आणि कापडाला हात नंतर लावतात. उलटं करा. रॅप ड्रेसला समोर कमरेवर दोन थर येतात, वर नाडीची गाठ, आत इनर असेल तर तिसरा थर. कापड जाड किंवा कडक असेल तर पोटावर उशी बांधल्यासारखं दिसतं. खळ असलेलं कॉटन तर विसराच, खालचा घेर छत्रीसारखा उभा राहतो. एका कोपऱ्यात धरून कापड खाली सोडून बघा, पाण्यासारखं खाली यायला हवं.

रेयॉन मुंबईच्या उकाड्याला सगळ्यात बरं, थंड असतं, छान पडतं, स्वस्त मिळतं. पण पहिल्या धुण्यात आटतं, आणि रॅप ड्रेस आटला म्हणजे लांबी तर गेलीच, शिवाय पदर एकावर एक चढतो तो भागही आटला, म्हणजे आधी झाकत होता तिथे आता झाकणार नाही. माझ्या त्या हिरव्याचं नेमकं हेच झालं, दोन धुण्यांत तो घरात घालायचा ड्रेस झाला. म्हणून रेयॉन घेताना थोडा सैल आणि दोन इंच लांबच घ्या.

जर्सीला आपल्याकडे मार्केटमध्ये होजिअरी म्हणतात, लायक्रा घातलेलं असलं तर ताणतं. अंगावर सुंदर बसतं, चुरगळत नाही, इस्त्री नको. पण मे महिन्यात कुर्ल्याला गाडी बदलून बघा जर्सी घालून, अंगाला चिकटून बसतं आणि पाठीवर नकाशा उमटतो. एसी ऑफिस, एसी लोकल, रात्रीचा कार्यक्रम असेल तर बेस्ट.

क्रेप पावसाळ्यासाठी ठेवा, पॉलिएस्टरचं क्रेप भिजलं तरी पंख्याखाली अर्ध्या तासात सुकतं. जॉर्जेट शिफॉन आरपार दिसतं, उजेडासमोर धरून बघायचं आणि आत स्लिप घ्यायची. मलमल मला स्वतःला खूप आवडतं पण प्रत्येक वेळी इस्त्री मागतं, ज्यांना तेवढा उत्साह आहे त्यांनी घ्यावं. लिननचं मी एकदा केलं, परत नाही करणार.

मुठीत चुरगळून दहापर्यंत आकडे मोजा आणि सोडा. सुरकुत्या तशाच राहिल्या तर ऑफिसला पोचेपर्यंत मांडीवर ह्याच्या दुप्पट असणार हे धरून चाला.

पायरी ३ : ट्रायल, म्हणजे वीत आणि चार बोटं

हा भाग नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

फॅशन स्ट्रीट, लिंकिंग रोड, हिल रोड, कुलाबा कॉजवे, इथल्या स्टॉलवर ट्रायल रूम कुठली मिळायला. पण रॅप ड्रेसचा हाच तर फायदा आहे, तो कपड्यांवरून घालून बघता येतो! शॉपिंगला जाताना खाली लेगिंग्ज आणि वर अंगाबरोबरचा पातळ टीशर्ट घालून जायचं आणि तिथल्या तिथे चढवून बघायचा. स्टॉलवाले आधी "फ्री साइज है मॅडम, सबको आता है" म्हणतात, ते ऐकायचं आणि तरी घालून बघायचं. फ्री साइज खांद्याला फ्री नसते. आणि घालून बघायच्या आधी भाव करू नका, भाव ठरला की मन ठरतं आणि मग ड्रेस कसाही बसला तरी आपण घेतोच.

घातल्यावर पहिलं खांदा बघा. शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. खांदा उतरला तर गळा कधीच जागेवर राहणार नाही, तुम्ही कितीही घट्ट बांधा. कंबर बांधून कमीजास्त होते, खांदा होत नाही.

मग वीत. उभं राहा, ड्रेस बांधा, आणि वरचा पदर आतल्या पदरावर किती चढलाय ते मांडीच्या उंचीवर मोजा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत आपली एक वीत, एवढं तरी चढलं पाहिजे, जास्त असेल तर सोन्याहून पिवळं. वीतभर नसेल तर पुढचं मोजूच नका, ठेवून द्या परत. मोठा साइज असला तर तो मागा, साइज वाढला की बहुतेक वेळा हा भागही वाढतो.

मग बसा. स्टॉलवर स्टूल मागितलं की देतात, नाहीतर उकिडवं बसा, लाजायचं काय त्यात, मुंबईत कोणी बघत नाही. बसल्यावर कापड ओढलं जातं आणि वीत लगेच कमी होते. बसूनही चार बोटं तरी एकावर एक राहिली पाहिजेत. चार बोटं राहिली म्हणजे ट्रेनमधल्या बाकावर चौथी सीट मिळाली, ती अर्धी टेकवायची सीट हो, तरी तुम्ही निर्धास्त.

नंतर वाका, चप्पल उचलल्यासारखं. गळा किती लांब होतोय, आतलं काय दिसतंय. सगळ्या जणींचं थोडं दिसतंच, त्याचा इलाज पुढे आहे. पण पार पोटापर्यंत दिसत असेल तर वरच्या भागाचं माप चुकलंय.

शेवटी एक मोठं पाऊल वर टाका, ट्रेनमध्ये चढतो तसं. स्कायवॉकच्या आणि ब्रिजच्या पायऱ्या आपल्याला रोज चढायच्या आहेत. गुडघा कितपत बाहेर येतोय ते तुमचं तुम्ही ठरवा, माझी हरकत नाही, फक्त ते दुकानात कळलेलं बरं, दादरच्या ब्रिजवर नको.

लांबीचं सांगायचं तर गुडघ्याखाली चार बोटं ते पोटरीची मधली जागा, एवढ्यात असलेला ड्रेस नवख्यांना सोपा. पार पायघोळ मॅक्सी फोटोत छान येतो पण सरकत्या जिन्यावर भीती वाटते आणि पावसात खालची वीतभर पट्टी चिखलाची होते.

ते सफरचंदासारखी शरीरयष्टी, नासपतीसारखी शरीरयष्टी वगैरे जे चार्ट असतात त्यांच्या नादी मी लागत नाही, आपण काय भाजीबाजारात आलोय? दोनच गोष्टी खऱ्या उपयोगाच्या आहेत. छाती भरलेली असेल तर दोन्ही पदर जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू ब्राच्या मधल्या पट्टीच्या वर आला पाहिजे, खाली आला की दिवसभर हात गळ्यावर. आणि पोट असेल (आहेच) तर नाडी बेंबीवर न बांधता दोन बोटं वर, बरगड्या संपतात तिथे बांधायची, तिथून घेर मोकळा सुटतो. उंची कमी असेल तर मोठ्ठ्या फुलांपेक्षा बारीक प्रिंट घ्या, कारण मोठं फूल पदराच्या कडेवर अर्धं कापलं जातं आणि वरच्या अर्ध्या फुलाशी खालचं अर्धं कधी जुळत नाही.

पायरी ४ : बांधायचा कसा

हे इतकं सोपं आहे की कोणी सांगतच नाही आणि मग नवीन मुली दोन्ही नाड्या पाठीमागे नेऊन फ्रॉकसारखी गाठ मारतात. मीही पहिले दोन महिने तेच करत होते.

बाजूच्या शिवणीत, कमरेपाशी, एक भोक असतं, काजासारखं. ते शिवण उसवलेली नाहीये हां, मुद्दाम ठेवलेलं असतं. एका मैत्रिणीने ते उसवलंय समजून टाका घालून बंद केलं होतं आणि मग ड्रेस नीट बसत नाही म्हणून तक्रार. तर आधी भोक शोधा. समजा उजव्या बाजूला आहे. मग डावा पदर आत जाणार, तो अंगाला लावून उजवीकडे न्यायचा आणि त्याची नाडी त्या भोकातून बाहेर काढायची. आता उजवा पदर त्याच्यावरून डावीकडे. भोकातून निघालेली नाडी पाठीमागून फिरवून डावीकडे आणायची आणि वरच्या पदराच्या नाडीशी डाव्या कमरेवर गाठ. भोक डावीकडे असेल तर सगळं उलट. काही ड्रेसला भोक नसतं, आतल्या बाजूला शिवणीला एक छोटी नाडी असते, तिच्याशी आतल्या पदराची नाडी बांधायची, ती बाहेरून दिसत नाही.

आतली नाडी आधी घट्ट करा, वरची नंतर. बायका वरचीच आवळतात आणि आतला पदर मोकळाच राहतो, तो चालता चालता खाली घसरतो आणि वरच्याच्या खालून जिभेसारखा बाहेर डोकावतो. आतला पदर बांधताना अर्धा इंच वर उचलून बांधा, मग नाही येत बाहेर.

गाठीचं पण एक शास्त्र आहे. घरी, पार्टीत, कुठेही सुरगाठ मारा, फुलासारखी, दिसायला छान. पण लोकलने जायचं असेल तर खाली एक निरगाठ मारायची आणि मग वर फूल. कारण विक्रोळी घाटकोपरला उतरणारीच्या बॅगेच्या चेनमध्ये नाडीचं टोक अडकलं की सुरगाठ एका झटक्यात सुटते. टोकं फार लांब असतील तर कमरेच्या पट्टीत खोचून टाका. कापड सॅटिनसारखं गुळगुळीत असेल तर निरगाठही सरकते, तिथे गाठीच्या मागून एक छोटी पिन.

पायरी ५ : गळा आणि पिन

गळ्याची कड तिरपी कापलेली असते, उरेब, आणि उरेब कापड ताणलं की ताणलेलंच राहतं. म्हणून नवा असताना नीट बसणारा गळा तीन महिन्यांनी लोंबायला लागतो. तुमचं वजन नाही कमी झालं, सॉरी. आमच्या ब्लाऊज शिवणाऱ्या काकूंनी यावर मस्त उपाय केला, गळ्याच्या आतून पूर्ण कडेला पारदर्शक इलॅस्टिकची बारीक पट्टी लावली, गळ्याच्या लांबीपेक्षा थोडीशी कमी, हलकी ताणून. आता वाकलं तरी गळा अंगालाच लागून राहतो. नवीन ड्रेस आणला की मी आधी तो त्यांच्याकडेच टाकते, एकदा धुऊन, आटायचा तेवढा आटल्यावर.

दोन पदर छेदतात त्या बिंदूवर टिचबटण लावून घ्या. एकच. ते लागलं की निम्मी काळजी गेली. मापाची जागा स्वतः घालून, आरशात बघून, खडूने खूण करून द्या, टेलरला अंदाजाने लावायला सांगू नका.

आणि खालच्या बाजूला, दोन पदर एकत्र धरायला, पिन. नुसती समोरून भोसकायची नाही. पदराच्या कडेची जी दुमड असते ना, वरचा पदर उलटून त्या दुमडीच्या आतल्या थरातूनच पिन आडवी घालायची, मग ती आतल्या पदरात घालून परत वर आणायची. बाहेरून टाचणीएवढंही काही दिसत नाही. जागा कुठली, तर मांडीच्या मध्यावर, गुडघ्याच्या वर साधारण एक वीत. त्याच्या खाली लावली तर पाऊल मोठं टाकता येत नाही आणि ताण येऊन कापड फाटतं. जॉर्जेट किंवा क्रेप असेल तर पिनेच्या मागे कापडाचा छोटा तुकडा किंवा सपाट बटण धरा, साडीच्या खांद्याच्या पिनेला मणी लावतो तसंच. पिना लोकलच्या लेडीज डब्यात मिळतात त्याच, क्लिपा टिकल्यांच्या ट्रेमध्ये गुच्छ असतो, बारीक साइजच्या मागा.

पिनेवर भरवसा नसेल तर आत सायकलिंग शॉर्ट्स घाला आणि विषय संपवा. वारा मरीन ड्राइव्हचा असो की वरळी सी फेसचा, मग काही फरक पडत नाही. मी पावसाळ्याच्या चारही महिन्यांत शॉर्ट्स घालतेच.

आता स्टायलिंग

ऑफिससाठी आत अंगाबरोबरची कॅमिसोल, ड्रेसच्या रंगापेक्षा त्वचेच्या रंगाच्या जवळची, पांढरी घातली की ती आधी दिसते. एक रंगी ड्रेस, नेव्ही किंवा मरून किंवा बॉटल ग्रीन, मीटिंगला कधीही चालतो. ऑफिसचा एसी मारतो तेव्हा वर ब्लेझरपेक्षा छोटा श्रग किंवा डेनिमचं आखूड जॅकेट बरं दिसतं, कारण लांब ब्लेझरमध्ये कमरेची गाठ लपते आणि मग सगळंच गोणपाट.

गळा मुळात व्ही आकाराचा, म्हणून गळ्यात भरगच्च काही नको. एक बारीक चेन, पेंडंट व्हीच्या टोकाच्या वर थांबेल अशी. मंगळसूत्र घालत असाल तर छोटं, लांब मंगळसूत्र पदराच्या आत घुसतं आणि काढावं लागतं सारखं. कानात मात्र करा काय करायचं ते, ऑक्सिडाइज्ड झुमके प्रिंटेड रॅप ड्रेसवर असे काही दिसतात की बस.

पायात कोल्हापुरी. ह्याच्यावर मी वाद घालायला तयार आहे. मलमल किंवा ब्लॉक प्रिंटचा रॅप ड्रेस, कोल्हापुरी, मोठी टिकली, खांद्याला कापडी झोळी, आणि पृथ्वी थिएटरपासून काळाघोड्यापर्यंत कुठेही जा. रोजच्या धावपळीला पांढरे स्नीकर्स चांगले. हील्स जर्सीच्या ड्रेसवर संध्याकाळी. पावसात कोल्हापुरी घालाल तर कातडं फुगेल, तेव्हा रबरी सँडल आणि गडद रंगाचं क्रेप.

वर वेगळा बेल्ट लावायचा का, असं खूप जणी विचारतात. नाडी आहे ना, मग कशाला. फार तर नाडी काढून ठेवून पातळ कमरपट्टा लावता येतो, सणाला वगैरे, पण मग आतून टिचबटणं दोन तरी हवीत, कारण कमरपट्टा ड्रेस बांधून ठेवत नाही.

ड्रेस जुना झाला किंवा वीतभर चढेनासा झाला तर उघडा सोडून जीन्स आणि गंजीवर जॅकेटसारखा घाला. माझा तो आटलेला हिरवा असाच आणखी एक वर्ष चालला.

शिवून घ्यायचा असेल तर

तयार मिळत नसेल मापाचा, किंवा वीत कधीच जमत नसेल, तर शिवून घ्या. मंगळदास मार्केटला जा, क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे, रविवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. दादरला हिंदमाता मार्केटही आहे. ४४ इंच पन्ह्याचं कापड मला पोटरीपर्यंतच्या ड्रेसला साडेतीन मीटर लागलं, टेलरला आधी विचारा. शिवायच्या आधी कापड रात्रभर भिजवून पाण्यातून काढाच. आणि टेलरला वीत दाखवून सांगा, तोंडी "जरा जास्त ठेवा" म्हणाल तर ते दोन बोटं ठेवतात.

जुन्या साडीचा रॅप ड्रेस तर सगळ्यात भारी होतो. साडेपाच मीटर म्हणजे ड्रेस होऊन वर नाडी, बाहीची पट्टी सगळं निघतं. एक गोम आहे. साडीचा काठ सरळ असतो, त्यामुळे तो खालच्या घेराला हवा असेल तर घेर गोलाकार कापता येत नाही, कमरेला चुण्या घालाव्या लागतात. कमरेला चुण्या नको असतील तर काठ वेगळा काढून वरच्या पदराच्या उभ्या कडेला लावा, गळ्यापासून खालपर्यंत तिरपी रेघ जाते, उंच पण दिसतो माणूस. जॉर्जेट, क्रेप, मऊ सिल्कच्या साड्या चालतात. पैठणीला कात्री लावायचा विचार मनात आला तर आधी आईला विचारा, मी विचारलं होतं, दोन दिवस बोलली नाही.

धुवायचा कसा

मशीनमध्ये टाकण्याआधी दोन्ही नाड्या एकमेकींना बांधा नाहीतर त्या बाकी सगळ्या कपड्यांना वेढे घालून बसतात, आणि सुट्या नाडीचा ड्रेस असेल तर नाडी हातानेच धुवा. रेयॉन ओलं असताना नाजूक होतं, पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. जर्सी दोरीवर लटकवली की पाण्याच्या वजनाने लांब होते, ती आडवी पसरून वाळवा, जागा नसेल तर दोन दोऱ्यांवर मधोमध टाका, आणि कपाटातही घडी करून ठेवा, हँगरला नको. इस्त्री गळ्याच्या कडेवर फिरवायची नाही, वरून दाबायची, फिरवली की उरेब ताणलंच. पिना धुण्याआधी काढा. माझ्या क्रेपच्या ड्रेसवर मांडीच्या मध्यावर गंजाचा एक तांबूस ठिपका आहे तो त्यामुळेच, आणि आता पिन बरोब्बर त्याच्यावरच लावते म्हणजे जागा शोधायला लागत नाही.